शास्त्रज्ञांची मोकळी लेखणी

२०२४ सालच्या दिवाळीत घरोघर एक वाद झाला, तो वाचकांच्या स्मरणात असेलच. लक्ष्मीपूजन करायचे कधी? उत्तर हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी ३१ ऑक्टोबरला पणत्या लागल्या, तर आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांनी १ नोव्हेंबर सांगितला. अमावास्या पहिल्या दिवशी दुपारी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर थोड्याच वेळाने संपली होती. म्हणजे दोन्ही संध्याकाळी ती होतीच. त्यातली कोणती धरायची यावर शास्त्रार्थ रंगले. आमच्या आळीतल्या एका आजीबाईंनी मला रस्त्यात गाठून विचारले, "मास्तर, हे कॅलिंडरात छापतात ते ठरवतं कोण?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मराठी मुलखातली गेल्या दोनशे वर्षांची एक मोठी सुरस हकीकत माझ्या हाती लागली. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या काही माणसांनी आपली विद्या राजाच्या, सरकारच्या किंवा भिक्षुकांच्या हवाली न करता स्वतःच्या लेखणीने सामान्य माणसासमोर मांडली, त्याची ही हकीकत आहे. त्यांतले काही प्राध्यापक होते, काही माझ्यासारखे साधे शाळामास्तर होते. विद्वानाने थेट लोकांसाठी लिहावे काय, आणि लिहिले तर त्याने कोणाची भीड धरावी, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर ही हकीकत सांगावीशी वाटते.

ज्योतिर्गणित ही आमच्या भागाला परकी विद्या नव्हे. माजलगावहून निघून गोदावरी ओलांडली की पाथरी लागते. ज्ञानराज नावाच्या गणिताने सोळाव्या शतकाच्या आरंभी 'सिद्धांतसुंदर' हा ग्रंथ रचला, तो पार्थपुरात. आणि पार्थपूर म्हणजे हीच पाथरी, असे अभ्यासक मानतात. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यपंडित याने भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिली. गोदेच्याच काठी गोलग्राम येथे ज्योतिष्यांचे एक मोठे घराणे नांदत होते. पुढे ते काशीस गेले. भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडविड म्हणजे आमचे बीड, असेही काहींचे म्हणणे होते. अभ्यासकांचा कौल चाळीसगावजवळच्या पाटणाकडे झुकतो, म्हणून मी त्या मानावर हक्क सांगत नाही.

ही सारी विद्या संस्कृतात होती, आणि गुरूकडून शिष्याकडे जात होती. शेतकऱ्याच्या दारापर्यंत जे पोचे ते पंचांग. त्यामागचे गणित पोचत नसे. मराठीत गहन विषय मांडता येत नव्हता असे नाही. आमच्या अंबाजोगाईला ज्यांची समाधी दाखवतात त्या मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु'त वेदान्त मराठीत आणला, आणि परंपरा त्याचा काळ इसवी सन ११८८ असा सांगते. ब्रह्मज्ञान मराठीत आले, पण ग्रहगणित सातशे वर्षे सोवळ्यातच राहिले.

मात्र एक गोष्ट आपल्या जुन्या ज्योतिष्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रह स्वतः डोळ्यांनी पाहिले, पोथीतले गणित कुठे जुळते आणि कुठे चुकते हे तपासले, आणि तसे लिहून ठेवले. त्यांचेच पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले. गणित इतके सोपे केले, की पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रातली पंचांगे त्याच्याच आधारे होत राहिली. परंतु बापाची नजर मागे पडली आणि मुलाची कोष्टके तेवढी पुढे चालली. आकाश हळूहळू पोथीपासून सरकत गेले. ग्रहणाची वेळ चुकू लागली, तरी पोथी बदलण्याचे कोणी मनावर घेईना.

छापखाना आला आणि गोष्ट पालटली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण बाळशास्त्री गणिताचे अध्यापक होते, कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले होते, हे आपण सहसा सांगत नाही. १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले, आणि त्यात भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास अशा विषयांवर मराठीत लेख येऊ लागले. ज्याला विषय कळतो त्यानेच वाचकाशी बोलावे, मध्ये भाषांतर करणारा नको आणि परवानगी देणाराही नको, ही पद्धत त्यांनी घालून दिली. १८४६ साली ते वारले, तेव्हा पस्तिशीही गाठली नव्हती.

त्यांच्या मागोमाग आले केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरोनाना म्हणत. तरुणपणीच ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामास लागले आणि पुढे पुण्यास गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचेच विद्यार्थी. केरोनानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. युरोपात दुर्बिणीच्या आधारे बसवलेले नवे गणित मराठी माणसाच्या हाती यावे म्हणून हा उद्योग होता. एवढ्यावर न थांबता त्यांनी आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने १८६५ पासून स्वतःचे पंचांगच काढले. तेच पटवर्धनी पंचांग.

येथे थोडे गणित सांगतो. दिवाळीत गणिताला कोणी भिऊ नये. राशीचक्र हे वर्तुळ आहे, आणि वर्तुळ मोजायचे तर आरंभाचा एक बिंदू ठरवावा लागतो. गावच्या गोल रिंगणात पळण्याची शर्यत लावायची तर पहिली रेघ कुठे मारायची, तसाच हा प्रश्न. केरोनानांनी रेवती नक्षत्रातला एक बारीक तारा आरंभ म्हणून धरला. चालू पंचांगांचा आरंभबिंदू याहून सुमारे चार अंशांनी निराळा होता. सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश सरकतो, म्हणून संक्रांतीत चारएक दिवसांचे अंतर पडले. आणि ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक मास, असा नियम असल्याने, संक्रांत चार दिवस इकडची तिकडे झाली की कधी कधी अधिक महिनाच बदलतो. कोकणात काही घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसतात, त्याचे मूळ येथे आहे. पुढे टिळकांच्या नावाने चाललेल्या पंचांगाने रेवतीचाच पक्ष उचलला.

केरोनानांचे ग्रह आकाशाशी जुळत होते. ज्याला शंका असेल त्याने अंगणात उभे राहून पाहावे, असा त्यांचा बिनतोड पुरावा होता. तरीही लोकांनी ते पंचांग फारसे उचलले नाही. सून जशी सासरचे कुळाचार एका दिवसात बदलत नाही, तसा समाज आपले सणवार कोणा प्रोफेसराच्या सांगण्यावरून हलवत नाही. यात लोकांचाच सर्व दोष होता असे मला वाटत नाही. ग्रह कुठे दिसतो हे दुर्बिणीने सांगता येते. आरंभाची रेघ कुठे मारावी हे दुर्बीण सांगत नाही, ती मानण्याची गोष्ट आहे. पहिल्यातला अधिकार दुसऱ्यात आपोआप चालत नाही. हा भेद लोकांना नीट उलगडून सांगेल असा माणूस हवा होता, आणि तो प्रोफेसरांत निघाला नाही, प्राथमिक शाळेच्या मास्तरांत निघाला.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ चा, दापोलीजवळच्या मुरुड गावचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तयार होऊन ते सरकारी शाळाखात्यात मास्तर झाले आणि बदल्यांमागून बदल्या होत रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे असे फिरले. माझेही शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही, आणि बदली म्हणजे काय हे मी भोगले आहे. नव्या गावी खोली शोधायची, पुस्तकांची ट्रंक बैलगाडीतून उतरवायची ऐवजी आता टेम्पोतून उतरवायची, एवढाच काळाचा फरक. म्हणून या माणसाविषयी लिहिताना माझे मन थोडे अधिक भरून येते, ते वाचकांनी समजून घ्यावे.

बार्शी आमच्या बीड जिल्ह्यापासून फार लांब नाही. त्या काळी मात्र बार्शी इंग्रजी मुलखात आणि आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात. बार्शीच्या शाळेत मराठीतून ज्योतिष समजावणारा मास्तर होता, त्याच वेळी आमच्याकडे मराठी शाळेचीच वानवा होती. निजामाचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपले. तोपर्यंत आमच्या आजोबांच्या पिढीने मराठी पुस्तके सोलापूर-नगरहून आणून वाचली. ही दरी भरण्यास किती वर्षे गेली, याचा विचार केला म्हणजे मराठीत लिहिलेल्या एकेका शास्त्रीय पुस्तकाचे मोल कळते.

दक्षिणा प्राइझ कमिटीने आपल्या पंचांगांचा इतिहास लिहिण्यासाठी बक्षीस जाहीर केले, त्या निमित्ताने दीक्षितांनी जो अभ्यास केला त्यातून 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा प्रचंड ग्रंथ झाला. तो १८९६ साली पुण्यात छापून निघाला. वेदकाळापासून ते स्वतःच्या काळापर्यंत कोणी काय लिहिले, कोणाचे गणित कुठून आले, कोणाचे वेध खरे, कोणाचे उसने, हे सारे त्यांनी शाळेचे तास सांभाळून गोळा केले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असे जे विधान आहे, त्यावरून त्यांनी गणित करून दाखवले, की असे आकाश इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी दिसत होते. गुप्त राजांच्या शकाचा आरंभ ठरवण्याच्या कामी फ्लीट या इंग्रज पंडिताला त्यांच्या गणिताचा उपयोग झाला. रॉबर्ट स्यूएल याच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत तयार केलेला भारतीय कालगणनेचा ग्रंथही १८९६ मध्येच निघाला, आणि त्यावर साहेबाच्या नावाच्या जोडीला मास्तरांचेही नाव छापले गेले.

दीक्षितांपाशी इंग्रजीत लिहिण्याची वाट मोकळी होती. मान तिथे होता. तरी आपला मुख्य ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. त्याच्या आधी काही वर्षे त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले. जेवणखाण आटोपल्यावर घरच्या मंडळींनी रात्री अंगणात बसून आकाश कसे पाहावे, हे त्यात सांगितले आहे. ज्याच्या शब्दाला साहेब मान देत होता, तो माणूस बायकापोरांना कृत्तिकांचा पुंजका दाखवीत बसला होता. मला यात त्यांचे मोठेपण दिसते.

आता स्वातंत्र्याची गोष्ट. दीक्षित सायन पक्षाचे होते. म्हणजे नक्षत्रांपेक्षा ऋतूंवर, वसंतसंपातावर वर्ष बसवावे, असे त्यांचे मत होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर १८८४ च्या सुमारास त्यांनी सायन पंचांगही चालवले. हे मत केरोनानांच्या विरुद्ध, जुन्या ज्योतिष्यांच्याही विरुद्ध. असा बाजू घेतलेला माणूस इतिहास लिहायला बसला म्हणजे काय होते, हे आपण नेहमी पाहतो. प्रतिपक्षाला दोन ओळी आणि आपल्याला दोनशे पाने. दीक्षितांनी तसे केले नाही. ग्रहलाघवी पंचांग, पटवर्धनी पंचांग, सायन पंचांग या सर्वांची माहिती त्यांनी दिली, दोन्ही बाजूंच्या कोट्या मांडल्या, आणि मग आपला अभिप्राय आपला म्हणून वेगळा सांगितला. वाचकाच्या हाती त्यांनी निकालपत्रही दिले आणि पुराव्याचे कागदही दिले. पटत नसेल तर तेच कागद घेऊन तुम्ही त्यांच्याविरुद्ध उभे राहू शकता.

१८९८ साली, पंचेचाळिशीच्या आतच, ते गेले. त्यांचे सायन पंचांग घराघरांत शिरले नाही. परंतु हकीकत तेथे संपत नाही. स्वातंत्र्यानंतर देशात तीसेक निरनिराळ्या कालगणना चालू आहेत असे सरकारला आढळले, आणि १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. साहा थोर भौतिकशास्त्रज्ञ होते. १९३५ पासून 'सायन्स अँड कल्चर' या मासिकातून ते विज्ञान आणि देशाचा कारभार यांवर रोखठोक लिहीत आले होते. समितीत डॉ. के. ल. दप्तरी, ज. स. करंदीकर आणि प्रा. र. वि. वैद्य हे तीन मराठी अभ्यासकही होते. या समितीच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, तिचे वर्ष वसंतसंपाताला धरून चालते. म्हणजे नागरी वर्षापुरते सरकार दीक्षितांच्या बाजूला आले. पुढे याच वैद्यांनी दीक्षितांच्या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि ते भारत सरकारने छापले. मॅट्रिक मास्तराच्या पुस्तकाला हे भाग्य सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी लाभले.

दीक्षितांचेच समवयस्क व्यंकटेश बापूजी केतकर. हेही मॅट्रिक, हेही शाळामास्तर; बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर म्हणून त्यांनी नोकरी केली. चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू आरंभ मानणारा जो चित्रापक्ष, त्याचे ते मोठे पुरस्कर्ते. सणवारांसाठी सरकारी समितीने जी गणना स्वीकारली ती या पक्षाच्या अगदी जवळची आहे. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांचे एक टिपण आले. नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, आणि त्यांतला जवळचा सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे ३९ पट अंतरावर, २४२ वर्षांत प्रदक्षिणा करणारा असावा, असे त्यांनी मांडले. १९३० च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, प्रदक्षिणेचा काळ २४८ वर्षे. त्याच वर्षी केतकर वारले.

आमच्याकडे ही गोष्ट फुगवून सांगण्याची चाल आहे, म्हणून खरे तेच सांगतो. केतकरांचा आकडा जुळला, पण त्यामागचा तर्क ग्रहांच्या गतींतल्या एका साम्यावर उभारलेला होता, आणि प्लूटो तर इतका लहान निघाला की आज त्याला पूर्ण ग्रहाचा मानही नाही. तेव्हा तो जुळलेला योग म्हणावा. तरीही बागलकोटच्या मास्तराने पॅरिसला आपले गणित नावानिशी, आकड्यानिशी पाठवले, चुकले तर चुकले असे म्हणता येईल इतके उघड मांडले, हे धैर्य मला आकड्यापेक्षा मोठे वाटते.

अशा लिखाणाने प्रत्यक्षात काय होते, याचा अनुभव मी शाळकरी वयात घेतला. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्यग्रहण होते. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या एका पट्ट्यात ते खग्रास दिसले. आमच्या बीडकडे खंडग्रास. गल्लीत दारे-खिडक्या लावलेल्या, फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रे, गरोदर बायांना तर हलायची चोरी. आमच्या गुरुजींनी एका आरशावर मध्ये छोटे भोक ठेवून कागद डकवला आणि शाळेच्या ओसरीतून अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर सूर्याचे कवडसे पाडले. भिंतीवर कुरतडलेल्या करंजीसारखा सूर्य दिसत होता. ही युक्ती त्यांनी मराठी वर्तमानपत्रात एका शास्त्रज्ञाच्या लेखात वाचली होती. त्या सकाळी आम्ही वीस-पंचवीस पोरे होतो. संध्याकाळी घरी गेल्यावर मी माझ्या मावशीला म्हणालो, सूर्याला काही झालेले नाही, चंद्र आडवा आला होता. ती म्हणाली, "तुझ्या गुरुजींनी पाहिलं ना? मग असेल." कोणा सरकारी पत्रकाने तिच्या मनातली भीती गेली नसती, ओळखीच्या माणसाने पाहिले, एवढे तिला पुरले.

विसाव्या शतकात मराठीत अशा लेखनाची बरीच मशागत झाली. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये भौतिकी शिकवणारे प्रा. गो. रा. परांजपे यांच्यासारख्यांनी त्यासाठी आपली लेखणी झिजवली. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. पण जसजशी मोठमोठी संशोधनमंदिरे उभी राहिली, तसतशी एक नवी अडचण आली. शास्त्रज्ञ आता पगारी झाला, आणि पगार देणाऱ्याचे मत त्याच्या मताहून निराळे असू शकते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण घ्या. १९०७ साली गोव्यातल्या कोसबेन येथे जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला हा गणिती १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता. पुण्याभोवतीच्या टेकड्या काठी घेऊन पायी तुडवाव्यात, अश्मयुगीन हत्यारे वेचावीत, कार्ल्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचावेत, धनगरांच्या वाटा शोधाव्यात, हा त्यांचा दुसरा व्यासंग. त्यातून १९५६ साली भारतीय इतिहासावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक झाले. अणुशक्तीच्या मागे देश धावत असता त्यांनी जाहीरपणे लिहिले, की आपल्यासारख्या उन्हाच्या देशाने सूर्यशक्तीकडे वळावे. अणुशक्तीची धुरा वाहणाऱ्या डॉ. भाभांच्याच संस्थेत नोकरी करीत असताना ते हे लिहीत होते. १९६२ मध्ये त्यांची तेथली नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. १९६६ च्या जूनमध्ये ते वारले. आज बीड जिल्ह्याच्या माळरानावर सौरपट्ट्या चमकताना पाहतो, तेव्हा मला त्यांची आठवण येते.

याच कोसंबींच्या चरित्रात दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवणे बरे नव्हे. रीमानच्या कोड्यासारखा जगभरच्या गणितींना न सुटलेला प्रश्न आपण सोडवला, असा दावा त्यांनी १९५९ मध्ये शेतकी संख्याशास्त्राच्या एका पत्रिकेत केला. त्या विषयातले जाणकार जेथे तपासणीस बसतात, ती ही जागा नव्हती. सिद्धता टिकली नाही, आणि त्यांच्या नावाला त्याचा डाग लागला. मोकळ्या लेखणीला हा धोका नेहमी असतो. कोणाची भीड नको हे खरे. पण कोणाची तपासणीही नको, असे झाले की थोर बुद्धीही घसरते. सौरशक्तीविषयी त्यांनी जे लिहिले ते प्रत्येक वाचकाला आपल्या अंगणातल्या उन्हाशी ताडून पाहता येत होते. ती गणिती सिद्धता मात्र ज्यांना ताडता आली असती, त्यांच्यापुढे ती वेळेवर आली नाही.

डॉ. जयंत नारळीकरांनी या दोन्ही गोष्टींचा तोल सांभाळला असे मला वाटते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. केंब्रिजच्या कीर्तीवर बक्षीस मिळू नये, कथेवर मिळावे, हा हेतू. बक्षीस मिळाले. पुढे पन्नास वर्षे ते मराठीत लिहीत राहिले. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचा एक प्रयोग आमच्या जिल्ह्याने तरी विसरू नये. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला शनीचे जुने देवस्थान आहे. श्रद्धेने येणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझी आईही तेथे जाई. पण साडेसातीच्या धाकाने कर्ज काढून शांती करणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि तो धाक विकणारेही पाहिले आहेत. २००८ मध्ये नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका जमवल्या, त्यांतल्या चाळीस चाळीस ज्योतिष्यांकडे पाठवल्या आणि विचारले, यांतली हुशार मुले कोणती? सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे दिली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण शेकडा ४६ निघाले. नाणे उडवून सांगितले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते. नारळीकर मोठे शास्त्रज्ञ होते. 'मी सांगतो म्हणून हे खोटे' असे त्यांनी म्हटले असते तरी पुष्कळांनी मानले असते. त्यांनी ज्योतिष्यांनाच बोलावले, नियम आधी सांगितले, आणि निकाल उघड्यावर ठेवला. दीक्षितांनी पुराव्याचे कागद वाचकाच्या हाती दिले होते, त्याच घराण्यातली ही रीत.

हे सारे जुने झाले, आता त्याचे काय, असे कोणी म्हणेल. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. आमच्या शाळेत येणाऱ्या पोरांच्या घरी त्या वर्षी दिवाळीचे कपडे आले नाहीत, आणि पुष्कळ आईबाप पोरांना घेऊन ऊसतोडीला गेले. गुजरातेत या अळीने त्या बियाण्यातले विष पचवल्याची नोंद शास्त्रज्ञांनी काही वर्षे आधीच केली होती. ती इंग्रजी निबंधांत होती. आमच्या शेतकऱ्याला सल्ला देणारा होता बियाणे आणि औषध विकणारा दुकानदार. ज्याला ठाऊक होते त्याने मराठीत, नावानिशी, दुकानदाराची किंवा वरिष्ठांची भीड न धरता आमच्या माणसाला वेळेवर सांगितले असते, तर सगळे पीक वाचले असते असे मी म्हणत नाही. पण निदान शेतकऱ्याला स्वतःच्या रानातले बोंड फोडून पाहायचे सुचले असते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. शास्त्रज्ञाने आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत स्वतः लिहावे. संस्थेचे पत्रक वेगळे आणि त्याचा स्वतःचा शब्द वेगळा. पत्रकात संस्थेचा मान सांभाळला जातो, त्याच्या शब्दात त्याला जे दिसले ते यावे. आणि या स्वातंत्र्याच्या बदल्यात त्याने वाचकाचे एक देणे फेडावे: आपण कशावरून म्हणतो ते दाखवावे, विरुद्ध बाजू सांगावी, आणि वाचकाला स्वतः ताडून पाहता येईल असे काही तरी त्याच्या हाती द्यावे. सरकार असो वा देवस्थान, कंपनी असो वा स्वतःचा मोठेपणा, ज्याचे म्हणणे कोणालाही तपासता येते, त्याला यांतल्या कोणाचा आधार लागत नाही.

आजीबाईंना मी इतकेच सांगितले, की पंचांग माणसे ठरवतात. चंद्रसूर्याचे गणित आता बहुतेकांचे सारखेच असते, आणि कोणत्या संध्याकाळी पूजा करायची तो भाग रूढीचा आहे. त्यांना ते पटले, आणि त्यांनी पूजा मात्र १ तारखेलाच केली.

यंदा लक्ष्मीपूजन आटोपले, पोरांचे फटाके वाजवून झाले, की घरातला एखादा दिवा क्षणभर मालवून अंगणात या. अमावास्येची रात्र असल्याने चंद्राची आडकाठी नाही. रात्र थोडी चढली की पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका वर आलेला दिसेल. लहान मुलाला त्यातले तारे मोजायला सांगा. कोणाला सहा दिसतील, कोणाला सात, वाद होईल. तो होऊ द्या.